आईच्या तोंडावर टाकी

आमच्या आईने जन्मात कधी चोळी घातली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. वडारांच्या जुन्या बायका चोळी घालत नसत. लुगड्याचा पदर छातीवरून घट्ट ओढून कमरेला खोचलेला, दंड उघडे, पाठीचा वरचा भाग उघडा. असं का, म्हणून विचारलं की कुणी सीतेने चोळीसाठी मागितलेल्या सोन्याच्या हरणाची कथा सांगायचं, कुणी आणखी काही. आई म्हणायची, दिवसभर डोक्यावरून धोंडे वाहून बघ, घामाने भिजलेली चोळी काखेत कशी करकचते ते कळेल. मी धोंडे वाहिले नाहीत. मी शाळेत गेले, पोलकं घातलं, मग ब्लाउज घातला, आणि आईबरोबर बाजारात जायची वेळ आली की चार पावलं मागे राहून चालायला शिकले. हे लिहायला मला आजही जड जातं, पण ते लपवलं तर पुढच्याला काही अर्थ राहणार नाही.

लोणावळ्यात खाणीच्या कडेला आमची वस्ती होती. आमचे पणजे-खापरपणजे साहेबाच्या काळात घाटाच्या कामावर आले, गाढवं आणि पोरंबाळं घेऊन. घाट झाला, साहेब गेला, आम्ही तिथेच राहिलो. घरात आम्ही आमची भाषा बोलायचो, जी कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, आणि दाराबाहेर मावळातली मराठी. आई रागावली की घरातसुद्धा मराठीतच रागवायची. तरी गावातले शहाणे म्हणायचे, हे लोक मूळचे इथले नव्हेत. मुंबईहून वर्षातून दोन महिने हवा खायला येणारे बंगलेवाले मात्र इथले. हे गणित मला कधी सुटलं नाही, आणि पुढे मी गणितच शिकवत होते.

खाणीत धोंडे वाहण्याखेरीज आईचं दुसरं काम टाकी लावण्याचं. टाकी म्हणजे टोकदार छिन्नी. मसाला वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मिरची नुसती सरकते, वाटली जात नाही. मग आई यायची, पाटा पायाने दाबून धरायची आणि टाकीवर हातोडीचे बारीक ठोके घालत सगळ्या पाट्याभर टिपके पाडायची. काळ्या दगडावर राखाडी रंग उठत जायचा आणि पाटा पुन्हा कामाचा व्हायचा. बंगल्यांत, रेल्वेच्या चाळींत, उन्हाळ्यात तर पार बेडशापासून परंदवडीपर्यंत तिची हाक ओळखीची होती. लहानपणी मलाही तिने हे शिकवलं होतं. ठोका मनगटातून यायला हवा, खांद्यातून नाही, एवढं माझ्या हातात बसलं होतं. विसाव्या वर्षी मास्तरीण झाले तेव्हा मी ठरवलं की या हातात आता खडूच धरायचा.

घाटमाथ्यावरच्या एका वळणावर चौथरा होता आणि त्यावर एका साहेबाचा संगमरवरी अर्धपुतळा. खाली इंग्रजीत कोरलेलं होतं की हा घाट याने बांधला. साहेबाने हातात धोंडा घेतला असेलच, तर तो पायाखाली आला म्हणून बाजूला टाकायला. स्वातंत्र्यानंतर पुतळा उतरवला गेला, चौथरा रिकामा राहिला, आणि त्यावर बकऱ्या उन्हाला बसू लागल्या. महाराष्ट्र राज्य झालं, त्यानंतर तीन-चार वर्षांनी गावातल्या प्रतिष्ठितांनी एक स्मारक समिती काढली. साहेबाच्या जागी घाट खरोखर बांधणाऱ्यांचं शिल्प बसवायचं असं ठरलं. कल्पना चांगली होती. हे आताच कबूल करून ठेवते, कारण पुढे मी या माणसांना बरंच बोलणार आहे.

समितीचे अध्यक्ष आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेचेही अध्यक्ष होते. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाचा बंगला त्यांनी घेतला होता, बागेसकट आणि कारंज्यासकट. कारंज्याच्या मधोमध एक संगमरवरी बाई उभी होती, साहेबानेच मागवलेली. तिच्या अंगावर चोळी तर सोडाच, म्हणावं असं काहीच नव्हतं. एक फडकं होतं, तेही गुडघ्यापाशी घसरलेलं. पाहुणे आले की आबा तिच्यासमोर खुर्च्या मांडून चहा द्यायचे आणि कला म्हणजे काय ते समजावून सांगायचे. आई त्यांच्या घरी पाट्याला टाकी लावायला जायची, तेव्हा तिने ती बाई पाहिली होती. तिचं मत एवढंच होतं, की थंडीत हिला कुणीतरी पांघरूण द्यायला पाहिजे.

शिल्पकार मुंबईच्या कलाशाळेत शिकलेला तरुण होता. त्याने आमच्याच खाणीतला काळा दगड निवडला आणि तिथेच छपरी घालून वर्षभर काम केलं. आकृत्या तीन होत्या. कड्यावरून दोर धरून उतरणारा ठाकर, हातात ओळंबा धरलेला मुसलमान गवंडी आणि डोक्यावर दगडांची पाटी घेतलेली वडारीण. ठाकरासाठी वरच्या वाडीतला एक गडी उभा राहिला. गवंड्यासाठी गावातले गवंडी चाचा उभे राहिले, ज्यांच्या आजोबांनी घाटातल्या पुलांच्या कमानी बसवल्या होत्या. बाईसाठी त्याने आईला विचारलं. मी नको नको म्हणत असताना आई हो म्हणाली. पाटीत गवत भरू नका, खरे धोंडे भरा, नाहीतर मान खोटी दिसेल, हे त्या शिकलेल्या पोराला तिनेच सांगितलं.

मातीचा हातभर नमुना केला होता तेव्हा समितीची एकच तक्रार होती. गवंड्याच्या डोक्यावर टोपीऐवजी मुंडासं दाखवा. चाचा म्हणाले, उन्हात टोपी घालून दगड कोण बसवतो, मुंडासंच बांधा, पण दाढीला हात लावायचा नाही. दाढी राहिली. मग दगडातलं काम पुरं झालं, शिल्पकाराने ते आरशासारखं तोंड दिसावं इतकं घासून घोटलं, आणि तिन्ही आकृत्या चौथऱ्यावर बसल्या. आईला ते घोटणं पटलं नव्हतं, पण काम त्याचं म्हणून ती गप्प राहिली.

समिती पुन्हा बघायला आली. ठाकराच्या कमरेला लंगोटी होती, बाकी सगळं अंग उघडं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाईपाशी मात्र सगळे थबकले. हातभर मातीत जे लक्षात आलं नव्हतं, ते पुरुषभर दगडात आलं. दंड उघडे, पाठ उघडी. या रस्त्याने सभ्य माणसं जातात, बाहेरगावचे लोक येतात, आपल्या बाईची ही शोभा बघतील, असं आबा म्हणाले. आपल्या बाईची, म्हणाले. चार पिढ्यांत पहिल्यांदाच आम्ही त्यांच्या झालो, आणि तेही झाकायला.

शिल्पकाराला चोळी घालायला सांगितलं. दगडातून काढता येतं, दगडावर चढवता येत नाही, आणि येत असतं तरी मी चढवली नसती, असं सांगून तो रागाने मुंबईला निघून गेला. अनावरण आठवड्यावर आलं होतं. मग समितीतल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की घोटलेल्या काळ्या दगडाला टाकी लावली तर तो राखाडी आणि खडबडीत होतो, कापडासारखा दिसतो. दंडांवर आणि पाठीवर तेवढी टाकी लावली की झाली चोळी. आणि टाकी लावणारी तर हाताशीच होती.

आबांनी मला शाळेच्या कार्यालयात बोलावलं. बसा म्हणाले, जे ते एरवी कधी म्हणत नसत. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे त्यांनी बोलता बोलता दोनदा काढलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. आईला समजावा. अब्रू तिचीच आहे."

मला लाज वाटायला हवी होती ती त्यांची. वाटली आईची. मी घरी जाऊन तिला समजावलं, आणि खोटं कशाला सांगू, आबांसाठी नव्हे, माझ्यासाठी समजावलं. माझ्या वर्गातली मुलं त्या रस्त्याने जाणार, बाईंची आई म्हणून बोट दाखवणार, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. आईने सगळं ऐकून घेतलं, हत्यारांची पिशवी खुंटीवरून काढली आणि विचारलं, टाकी बारीक लावायची का मोठी. मला हायसं वाटलं.

शिल्पाभोवती ताडपत्रीची कनात होती आणि गवंडी चाचा तिच्या दाराशी बसायचे. काम चालू असताना आत कुणी यायचं नाही, दगडाचे कच उडतात, अशी आईने अट घातली. पहिल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले. पाठ आणि दंड झाले होते, आणि खरोखर चोळी घातल्यासारखं दिसत होतं. आबाही डोकावून गेले होते आणि खूश होऊन मावशी, मावशी करत होते. त्या संध्याकाळी मी आईसाठी बाजारातून जिलबी नेली.

दुसऱ्या दिवशी गेले तर ठोके चालूच होते. पदरावर टाकी लागली होती, कोपरापासून बोटांपर्यंत हात झाले होते, लुगडं झालं होतं, आणि आई पावलांवर वाकली होती. चोळीची कड कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते आता दिसतच नव्हतं. मी म्हटलं, एवढं तुला कुणी सांगितलं होतं. तिने ठोका थांबवला नाही.

"त्या पोरानं मला घोटून काळी कुळकुळीत केली," ती म्हणाली. "खाणीतनं घरी यायची तवा मी अशी दिसायची का?"

नव्हती दिसत. संध्याकाळी वस्तीकडे परतणाऱ्या बायका दगडाच्या भुकटीने डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झालेल्या असायच्या, पापण्यांसकट. लहानपणी मी त्यांच्यातली आई चालीवरून ओळखायची. ताडपत्रीखाली दगडातली आई आता तशीच उभी होती. अंग कुठलं आणि कापड कुठलं, हा प्रश्नच तिच्यापुढे उरला नव्हता.

तरी मी म्हटलं की माझी नोकरी जाईल. तेव्हा तिने हातोडी खाली ठेवली.

"आबांच्या घरात मी कैक पाटं टाकवलं. त्येंच्या म्होरं वाकून, हीच पाठ घिऊन. तवा कुणी चोळी आणून दिली न्हाई. आता दगडाला देत्यात व्हय?"

मी चाचांकडे पाहिलं, तर ते ताडपत्रीच्या दोरीची गाठ पुन्हा पुन्हा बांधत बसले होते.

तिसरा दिवस रविवार होता. मी सकाळीच गेले. आई चौथऱ्याच्या पायरीवर भाकरी खात बसली होती. मानेपर्यंत काम संपलं होतं, तोंड तेवढं काळंभोर आणि चकचकीत राहिलं होतं. खाणं झाल्यावर तिने हात धुतले आणि हातोडी-टाकी माझ्यापुढे ठेवली. स्वतःच्या तोंडावर मी घाव घालणार नाही, म्हणाली. आमच्यात ते अशुभ धरतात की तिच्या मनानेच तसं घेतलं, मला माहीत नाही. मग म्हणाली, "तुला वाटलं तर कर. न्हाईतर ऱ्हाऊ दे असंच. गळ्यापातूर झाकली म्हनून आबा खूशच व्हत्याल."

आणि ते खरं होतं. तोंड तसंच ठेवलं असतं, तर गळ्याखालचं सगळं राखाडी अंग कापडात गुंडाळल्यासारखं दिसलं असतं. समितीने मागितली होती त्याहून जास्त झाकलेली बाई तिला मिळाली असती. हातपाय तसे का, असं कुणी विचारलं नसतं. माझी नोकरी राहिली असती, पगार चालू राहिला असता, आणि आईचं दोन दिवसांचं काम तिच्याविरुद्धच उभं राहिलं असतं. हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिने मला एक शब्दही जास्त सांगितला नाही, पायरीवर बसून पान लावत राहिली.

मी पदर खोचला. चाचांनी लाकडी घोडा लावून दिला, त्यावर चढले आणि कपाळापासून सुरुवात केली. पहिला ठोका खांद्यातून गेला आणि डाव्या भुवईवर हवा त्याहून खोल घाव बसला. तो अजून आहे. मग मनगटाला आठवलं. आई खाली बसून नुसता आवाज ऐकत होती आणि आवाजावरून सांगत होती, हलकं घे, आता नाकावर आलीस, तिरपी धर. दुपारपर्यंत कपाळ, गाल, ओठ, पापण्या झाल्या. माझ्या केसांत, ब्लाउजवर, हातांवर भुकटी बसली होती. त्या दिवशी मी तोंड न धुता आईच्या बरोबरीने भर बाजारातून घरी गेले. माझ्या वर्गातली दोन मुलं भेटली, त्यांनी नमस्कार केला, आणि मी त्यांना सांगितलं की ही माझी आई.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी आबा आले. त्यांनी शिल्पाभोवती दोन फेऱ्या घातल्या. मग आईला विचारलं की चोळी कुठे आहे.

"तुमी टाकी लावा म्हनाला, लावली," आई म्हणाली. "कुटं कमी ऱ्हायली ते दावा."

आबा तिच्याशी पुढे बोललेच नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, की याचा परिणाम काय होईल हे मला कळत असेलच. मोठ्या माणसांना उलटून बोलायची मला सवय नव्हती. वर्गात छडी हातात असतानाही माझा आवाज चढत नसे. पण आदल्या दिवशी मी आईच्या तोंडावर शंभर घाव घातले होते, त्यानंतर आबांची भीती वाटायला मनात जागा राहिली नव्हती.

मी म्हटलं, "आबा, तुमच्या कारंज्यातल्या बाईला टाकी लावायची असेल तर सांगा. आम्ही मायलेकी येऊ. तिला मात्र गळ्यापासून पायापर्यंत लावावी लागेल."

चाचा खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. आबांचा चेहरा लालबुंद झाला, पण निमंत्रणं गेली होती, पाहुणे निघाले होते, आणि दगड पुन्हा घोटायला काही महिने लागले असते. शिल्प होतं तसंच उघडलं गेलं. शिल्पकार अनावरणाला आला आणि ते बघून खालीच बसला. आपली सगळी घोटाई वाया घालवली म्हणून तो आईवर चिडला होता, आणि त्याच्या बाजूने ते रास्त होतं. आई त्याची समजूत काढायला गेली नाही. भाषणं संपल्यावर वस्तीतल्या म्हाताऱ्या पुढे झाल्या आणि पाट्यावरून फिरवतात तसा तळहात शिल्पाच्या पायांवरून फिरवून त्यांनी टाकी तपासली. एकीने वर बघत विचारलं, भुवईवर कुणाचा हात बसला. आईने माझ्याकडे हनुवटी केली, आणि सगळ्या जणी हसल्या.

महिन्याभरात माझी बदली झाली, बेडशाच्या पलीकडच्या वाडीवरच्या, संस्थेच्याच एकशिक्षकी शाळेत. शिक्षा म्हणूनच ती होती. शाळेला छप्पर अर्धंच होतं आणि पटावर ठाकरांची अकरा पोरं. त्यातल्या एकाचा आजा म्हणजे दोर धरून शिल्पात उभा राहिलेला तो गडी. मी तिथे नऊ वर्षं काढली आणि एकदाही बदलीचा अर्ज केला नाही. आबांना वाटत होतं मी येईन, पाया पडेन. त्यांनी बरीच वाट पाहिली असणार.

आई गेल्यानंतर शिल्पाचं वेगळंच सुरू झालं. येणारे-जाणारे दगडातल्या आईच्या पायांवर हळदकुंकू वाहू लागले, तेल घालू लागले. ज्या घरांना तिची पाठ खटकली होती, त्याच घरांतल्या बायका आता तिची ओटी भरतात, खणासकट. तो खण मी उचलते आणि वस्तीतल्या पोरींना शिवायला देते. हात लावून लावून तिची पावलं पुन्हा गुळगुळीत होतात. म्हणून वर्षातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी भर उन्हात, मी आईची पिशवी घेऊन जाते आणि पावलांना टाकी लावते. शिल्पास हात लावू नये, अशी पाटी तिथे आहे. पिशवी मी त्याच पाटीला अडकवते.

मागच्या खेपेला नवा रखवालदार होता. धावत आला, कोणाच्या परवानगीने, असं दरडावून विचारू लागला. मी मान वर केली नाही. त्याला म्हटलं, जरा बाजूला उभा राहा बाबा, डोळ्यात कच जाईल.